दाराला पांढरं

मेंढीच्या लोकरीचा एक स्वेटर, आकसून आकसून बाहुलीच्या अंगात बसेल एवढा झालेला.

टेकडीचा रंग. काल पिवळा, आज भाजल्यासारखा.

*इशारा. जोरदार वारे व विजांची शक्यता. घरातच थांबा. खिडक्यांपासून दूर राहा.*

प्लास्टरमधला एक पाय, त्यावर कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलंय: "एक दोन एक".

गळ्यात शिट्टी अडकवून हिंडणारा इलेक्ट्रिशियन.

दवाखान्याच्या चादरी. त्यांवरचे डाग कसले, हे विचारायचं नाही असा नियम.

*इशारा. वणव्याचा धोका. टेकडीलगतच्या रहिवाशांनी घर सोडण्याच्या तयारीत राहावे.*

गॅलरीत बसून आकाशाकडे बघत भुंकणारं कुत्रं. खाली रस्त्यावर कुणीच नाही.

यातल्या कशाचा कशाशी संबंध असेल, असं लॉन्ड्रीवालीला दुपारपर्यंत वाटलं नव्हतं. दुपारनंतर मात्र सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे असं वाटायला लागलं, आणि ते त्याहून वाईट होतं.

आधी लॉन्ड्री

टेकडीच्या पायथ्याशी, वर चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडालाच तिची लॉन्ड्री. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दोऱ्याच दोऱ्या. दोन हॉटेलं, एक दवाखाना आणि गावातली निम्मी घरं यांचं धुणं तिच्याकडे यायचं. मशीन सुरू असली की घरात बोलता यायचं नाही. बोलायचंच असलं तर ओरडावं लागायचं. त्यामुळे नवरा-बायको भांडतायत की जेवायला बोलावतायत हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. नवरा व्हॅन घेऊन कपडे पोचवायचा आणि आणायचा. जवळपासच्या घरांचं ती स्वतःच बघायची.

धुतलेले कपडे पोचवायची तिची एक पद्धत होती. घरोघरच्या कपड्यांसाठी तिने पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या होत्या. कपडे घडी करून पिशवीत, पिशवीचे बंद दाराच्या हँडलला, दोन फेरे आणि वर एक गाठ. बेल वाजवायची नाही. लोक दुपारी झोपतात, लोकांची बाळं झोपतात, लोकांना लॉन्ड्रीवालीशी दोन शब्द बोलायचा कंटाळा येतो. पिशवी दिसली की आत घ्यायची, रिकामी झाली की परत बाहेर अडकवायची. इतकी वर्षं सगळं सुरळीत.

वर, टेकडीच्या अंगाला, शेवटच्या गल्लीत तिची नणंद एकटी राहायची. मोठी नणंद, म्हणून वन्सं. शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. माळ्यावरचं काहीतरी काढताना शिडीवरून पडल्या आणि पायाला प्लास्टर आलं. लॉन्ड्रीवाली वर गेली, वन्संचं घर आवरलं, धुणं घेऊन आली. त्या धुण्यात वन्संचा लोकरीचा स्वेटर होता आणि तो दवाखान्याच्या चादरींबरोबर गरम पाण्यात गेला.

"एवढी वर्षं कपडे धुतेस आणि लोकर कळत नाही तुला?" वन्सं म्हणाल्या होत्या.

"कळते. तुमचं धुणं बघताना डोळे मिटलेले असतात माझे," ती म्हणाली होती. हे असं बोलायचं नव्हतं. तोंडातून निसटून गेलं.

तेव्हापासून बोलणं बंद. धुणं मात्र चालू, कारण प्लास्टरमधल्या माणसाचेही कपडे मळतात. रिकामी पिशवी बाहेर, भरलेली पिशवी बाहेर, मध्ये दार. त्या दिवशी सकाळीही ती वर गेली, भरलेली पिशवी हँडलला बांधली. आत रेडिओ चालू होता. तिने बेलकडे पाहिलं. बेल तिच्याकडे बघतेय असं वाटलं, म्हणून ती खाली आली.

मग फोन

पहिला इशारा वादळाचा. फोन असा किंचाळला की तिच्या हातातली घडी सुटली. घरातच थांबा. ठीक. तिने दोरीवरच्या चादरी काढायला सुरुवात केली, पण वारा असा की एक काढेपर्यंत दुसरी तोंडावर. निम्म्या तशाच राहिल्या.

दुसरा वणव्याचा. तयारीत राहा. तयारी म्हणजे काय? तिने गॅस बंद केला. बंद केलाय का, म्हणून पुन्हा जाऊन बघितलं. बाटल्यांत पाणी भरलं. मग खिडक्या लावल्या, कारण पहिल्या इशाऱ्यात खिडक्या होत्या.

तिसरा पुन्हा वादळाचा. का वणव्याचा? अर्धाच आला. "टेकडीलगतच्या" एवढ्यावर तुटला.

आकाश काळं झालं, गडगडलं, पण थेंब नाही. कोरडी वीज टेकडीच्या मागे पडत होती, आणि वाऱ्याला वास येत होता. तिला आधी वाटलं इस्त्री लागली. तिने इस्त्रीही बघितली. इस्त्री थंड होती.

नवऱ्याचा फोन आला.

"अगं, मला पुलावरच अडवलंय. पोलीस कुणाला पलीकडे सोडत नाहीत. तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? घरी. घरातच थांबा म्हणून आलंय."

"माझ्याकडे निघा म्हणून आलंय!"

"तुमच्याकडे कशाला? तुम्ही तर बाहेरच आहात."

"अगं, तुझ्यासाठी आलं असेल. माझ्या फोनवर."

"माझ्यासाठीचं तुमच्या फोनवर कसं येईल?"

मशीन बंद होती, तरी दोघं ओरडतच बोलत होते.

"ताईचं काय?" त्याने विचारलं. "मी तीनदा लावला, उचलत नाही. तू लावून बघ."

"माझा तर मुळीच उचलणार नाहीत."

"आत्ता तरी स्वेटर सोडा ना दोघींनी!"

"मी कुठे धरलाय? तो कुणाला धरताही येत नाही, एवढुसा झालाय."

फोन कट झाला. त्याने केला का लाईनने केला, कळलं नाही.

तिने वन्संचा नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

शिट्टीवाला

तो गावातला इलेक्ट्रिशियन. आग, पूर, हरवलेलं मूल, काहीही असलं की अग्निशमन दलाच्या मदतीला धावणाऱ्यांतला पहिला. त्याच्या जीपच्या टपावर नेहमी शिडी असायची, आज भोंगाही होता. शिट्टी बाराही महिने गळ्यात; लग्नातही होती म्हणतात.

"निघा, निघा, निघा! शाळेच्या हॉलमध्ये जमायचं. गॅस बंद, खिडक्या बंद, कुलूप नको. निघताना दाराला पांढरं कापड बांधा. पांढरं दिसलं की आम्ही समजतो घर रिकामं, म्हणजे उगाच दार ठोकत बसायला नको!"

तो जीपमधून उतरला, आणि दोऱ्यांवर फडफडणाऱ्या चादरी बघून एवढ्या गडबडीतही हसला.

"वहिनी, तुमच्या घरी तर वीस वेळा कुणी नाही! मी तर पुढेच निघालो होतो. तुमची मान दिसली म्हणून थांबलो."

"आणि घरातच थांबा म्हणून आलंय ते?"

"ते वादळाचं."

"मग वादळ गेलं?"

"वादळ आहेच."

"मग?"

"वहिनी, मला जे सांगितलंय ते मी सांगतोय. आग वरच्या अंगाने उतरतेय. तुम्ही निघा."

"वरची गल्ली?"

"झाली. आत्ता तिथूनच आलो. तीन दारं ठोकली, माणसं बाहेर काढली, बाकी कुठे कुलूप होतं, कुठे पांढरं. बाईंच्या दारालाही."

"वन्संच्या?"

"हो ना. मला तर आधी त्यांचीच धास्ती होती, पायामुळे. गेलो तर हँडलला पांढरं बांधलेलं, अगदी व्यवस्थित. दोनदा शिट्टी मारली, निघालो. शेजारच्यांच्या गाडीतून गेल्या असतील."

तिच्या जिवात जीव आला. आणि लगेच त्या जिवाला काहीतरी टोचलं. गेल्या. खालूनच गेल्या असणार, हाच तर रस्ता. लॉन्ड्रीसमोरून गाडी गेली आणि काच खाली करून "चल" म्हणावंसंही वाटलं नाही.

बरं. तिने फोन पर्समध्ये टाकला.

हॉलमध्ये कोण कुठे

घरातून निघताना माणूस काय घेतो? तिने दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेतला. दागिने कपाटात, घराचे कागद ट्रंकेत, आणि हिच्या काखेत परक्याच्या चादरी. का, ते तिला हॉलच्या दारात पोचेपर्यंत सुचलं नाही. तिथेही सुचलं नाही.

हॉलमध्ये सगळं गाव एकाच वेळी बोलत होतं. टेकडीच्या पलीकडे आग लागलीय. नाही, अलीकडे. नाही, विझली, ते जुनं आहे. गारा पडणार. गारा पडल्या तर आग विझेल. गारांनी विझत नाही. मग कशाने विझते? फोन मधूनच सगळे एकदम किंचाळायचे, सगळे एकदम गप्प व्हायचे, आणि मग प्रत्येक जण आपल्या फोनवरचं वाचून दाखवायचा. कुणाचं सकाळचं आत्ता पोचलेलं, कुणाचं आत्ताचं दोनदा.

वन्सं कुठे दिसतायत का, हे तिने बघितलं नाही. म्हणजे बघितलं नाही असं दिसेल अशा बेताने बघितलं. आपण शोधत फिरायचं आणि त्यांनी कुठल्यातरी खुर्चीवरून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, आपली मजा बघायची, हे तिला नको होतं. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. जमिनीवरच्या बास्केटबॉलच्या रेषा मोजाव्यात असं वाटलं, पण रेषांनाही मध्येच कुठेतरी वळण होतं.

फोन. नवरा.

"पोचलीस? दे बरं ताईला."

"त्या तिकडे असतील."

"तिकडे म्हणजे?"

"म्हणजे आहेत कुठेतरी. शेजारच्यांच्या गाडीतून आल्यात."

"कुठले शेजारी? ते डॉक्टर नवरा-बायको? अगं, ते तर माझ्यासमोर आहेत पुलावर! सकाळपासून गावाबाहेरच आहेत."

ती उठून उभी राहिली. आता मात्र उघड, मान उंच करून, टाचा वर करून बघितलं. प्लास्टर लपत नाही. प्लास्टर नव्हतं.

तिच्या शेजारची बाई दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती, "आमच्याकडे पांढरं काही सापडेचना हो. शेवटी उशीचा अभ्रा बांधला. दोन फेरे आणि वर गाठ, वाऱ्याने उडायला नको."

दोन फेरे आणि वर गाठ.

लॉन्ड्रीवालीने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं आपोआप हलली होती. सकाळी जशी हलली होती तशीच.

जे करू नये म्हणतात

"भाऊ, ती पिशवी माझी होती."

शिट्टीवाला पाण्याची खोकी उतरवत होता. "कुठली पिशवी?"

"वन्संच्या दाराला. पांढरी. धुणं होतं त्यात. मी बांधली होती, सकाळी. वन्सं आतच आहेत."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला त्याचीच दया आली. त्याने खोकं खाली ठेवलं आणि दलाच्या लोकांना फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, ती गल्ली रिकामी झालीय. तो म्हणाला, झालेली नाही. तिकडचा म्हणाला, रिकामी झाल्याचं तूच तर कळवलंस. तो म्हणाला, हो, मीच कळवलं, आणि आता मीच सांगतोय. तिकडे गोंधळ, कुणाचं तरी ओरडणं, मग: बंब पलीकडच्या उतारावर आहे, वळवतो, वेळ लागेल, तुम्ही कुणी वर जाऊ नका.

"कुणी वर जाऊ नका," शिट्टीवाल्याने तिला सांगितलं. हेच तो दिवसभर भोंग्यावरून लोकांना सांगत होता. एकदा बाहेर पडलात की मागे फिरू नका. सामानासाठी नाही, जनावरांसाठी नाही, कशासाठी नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"अगदी बरोबर आहे," तो म्हणाला.

आणि दोघंही जीपकडे चालायला लागले.

"वहिनी, तुम्ही नाही."

"त्या तुम्हाला दार उघडणार नाहीत."

"तुम्हाला उघडतील?"

ती जीपमध्ये बसली. त्याने तिच्या साडीचा पदर चिमटीत धरून बघितला. "ही नायलॉनची. ठिणगी पडली तर अंगाला चिकटेल. सुती काही आहे?" दवाखान्याच्या चादरी होत्या. त्याने एक खोकं फोडून चार बाटल्या त्यांच्यावर ओतल्या. मग ती त्या डाग न विचारायच्या चादरींत आपादमस्तक गुंडाळून बसली, काचा वर, दिवे चालू, आणि जीप रिकाम्या रस्त्याने वर निघाली. जाताना तिची लॉन्ड्री लागली. दोऱ्यांवर चादरी फडफडत होत्या. वीस वेळा कुणी नाही.

दार

गल्लीत दिवसाढवळ्या संध्याकाळ झाली होती. धूर होता, पण आग कुठे आहे ते दिसत नव्हतं. धूर सगळीकडून येत असल्यासारखा. टेकडीच्या माथ्याशी काहीतरी नारिंगी होतं. तो सूर्य होता का, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

हँडलला पिशवी तशीच. तिने दारावर मुठी आपटल्या.

"वन्सं! अहो वन्सं!"

काही नाही. रेडिओ बंद. शिट्टीवाल्याने शिट्टी मारली.

"शिट्टी अशी वाजवतात होय रे?" आतून, कुठून तरी लांबून आवाज आला. "पोटातून वाजव, गालातून नाही!"

"बाई! दार उघडा!"

"उघडते काय? पायात काय आहे माझ्या? किल्ली मागच्या कुंडीखाली आहे."

किल्ली मागच्या दोन्ही कुंड्यांखाली नव्हती, तिसरीखाली होती. वन्सं न्हाणीघरात होत्या. उंबरठ्याच्या फटीत ओले टॉवेल, बादलीवर प्लास्टरचा पाय, मांडीवर उशी. शेजारी पाण्याचा तांब्या आणि एक मासिक.

"इथे काय करताय?" लॉन्ड्रीवाली ओरडली.

"घरातच थांबा, खिडक्यांपासून दूर. रेडिओवर सांगितलं. इथे खिडकी नाही. थांबले." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, शिट्टीवाल्याकडे बघून बोलत होत्या. "मग वीज गेली, रेडिओ गेला. फोन तिकडे चार्जरला, तिकडे जायचं म्हणजे अर्धा तास. मग हा आला, ओरडला, दाराशी आला. म्हटलं, आला. दोन शिट्ट्या मारल्या आणि गेला! मी हाका मारतेय, हा जातोय. म्हटलं खुर्ची आणायला गेला असेल."

"बाई, मला वाटलं तुम्ही गेलात."

"कशाने जाईन? लंगडी घालत?"

"दाराला पांढरं होतं."

"काय पांढरं?"

लॉन्ड्रीवाली म्हणाली, "माझी पिशवी. पांढरं असलं की घर रिकामं समजतात. मी बांधली होती सकाळी. बेल न वाजवता."

वन्संनी आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. ओल्या चादरींतून नुसतं तोंड बाहेर, कपाळावर काजळी.

"हे काय सोंग केलंयस?"

"चला ना वन्सं!"

"चल म्हणजे उचल. मी काय इथे हौसेने बसलेय?"

दोघांनी वन्संना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, अंगावर ओली चादर टाकली आणि खुर्चीसकट उचललं. दारातून जाताना पाय आधी की डोकं आधी यावर वाद झाला. पाय आधी न्यायचा नाही, तो मेलेल्या माणसाचा नेतात, असं वन्सं म्हणाल्या, आणि डोकं आधी घेतलं तर दार लागतं असं शिट्टीवाला म्हणाला. शेवटी आडवं. प्लास्टर चौकटीवर आपटलं आणि वन्सं जे बोलल्या ते शाळेत कधी बोलल्या नसतील.

"चष्मा!" जीपमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या.

"नाही," दोघंही म्हणाले.

"माझा चष्मा आहे रे, दागिना नाही!"

"नाही!"

वळण

खाली उतरताना मधल्या वळणावर शिट्टीवाल्याने गाडी थांबवली. पुढे रस्त्यावर एक तार लोंबत होती. खांबाची होती का केबलची, ते त्यालाही, इलेक्ट्रिशियन असून, धुरात सांगता येईना. टपावर काहीतरी टणटण वाजायला लागलं. गारा. आग आहे आणि गारा पडतायत.

तिघांचे फोन, म्हणजे दोघांचे, एकदम किंचाळले.

*वाहन झाडाखाली अथवा विजेच्या तारांजवळ नेऊ नका. आहात तेथेच थांबा.*

*टेकडीलगतचा संपूर्ण भाग तातडीने सोडा. थांबू नका.*

"थांबायचं," शिट्टीवाला म्हणाला. "तारेखालून जीप नेणार नाही मी."

"दुसऱ्यात थांबू नका लिहिलंय!"

"पहिल्यात थांबा लिहिलंय."

"पहिला जुना असेल!"

"तुमच्या फोनवर पहिला तो माझ्या फोनवर दुसरा आहे, वहिनी."

"मग वेळ बघा ना वर!"

"दोन्हीवर एकच वेळ आहे."

दोघंही मागे वळले. शाळेची सगळी पटांगणं एका आवाजात गप्प करणारी बाई मागच्या सीटवर आडवी होती. आता ती हुकूम देईल आणि आपण तो पाळू, असं दोघांच्याही तोंडावर होतं.

वन्संनी एका बाजूच्या काचेतून बघितलं, मग दुसऱ्या. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे.

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या.

लॉन्ड्रीवालीने त्यांच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तिला वारा, धूर, गारा, कशाचीच एवढी भीती वाटली नव्हती. तिने मागे हात केला. वन्संनी तो धरला का प्लास्टरला आधार म्हणून तिथेच काहीतरी धरायचं होतं, तेही सांगता येत नव्हतं. पण घट्ट धरला होता.

"पाण्याच्या टाकीचा रस्ता," शिट्टीवाला अचानक म्हणाला. "कच्चा आहे, पण तिथे तार नाही, झाड नाही, काहीच नाही. थोडं मागे जावं लागेल."

"मागे म्हणजे वर?"

"थोडं वर."

"मागे फिरू नका म्हणतोस ना तू भोंग्यावरून?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणतो, बाई."

"मग?"

"मग काय! फिरतो."

तो जीप उलटी घेत धुरात शिरला. पुढच्या खड्ड्यांत लॉन्ड्रीवालीचं डोकं टपाला तीनचारदा आपटलं आणि प्रत्येक वेळी मागून आवाज आला, "हळू रे! माणसं आहेत आत!" मग एकदम धूर विरळ झाला, टाकी दिसली, टाकीखालचं उघडं माळरान दिसलं, आणि त्याच्या टोकाला शाळेचं कौलारू छप्पर. समोरून बंब वर येत होता. बंबातल्या माणसाने हात बाहेर काढून शिट्टीवाल्याला काहीतरी खूण केली. शिवी होती का शाबासकी, ते वेगात निघून गेलं.

पुन्हा हॉल

हॉलच्या दारात एक तरुण मुलगी उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. तिचाही दिवसभरात फार गोंधळ झालेला दिसत होता. केसांत पेन खोचून ती पेनच शोधत होती.

"आजी, एकट्याच का? बरोबर कोण आहे?"

"आजी कुणाला म्हणतेस?" वन्सं खुर्चीवरून म्हणाल्या. खुर्चीचे पुढचे पाय शिट्टीवाल्याकडे, मागचे लॉन्ड्रीवालीकडे.

"या तुमच्या कोण?"

"ही? भावजय. आमचं बोलणं नाही."

मुलगी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. "म्हणजे एकत्र लिहू का वेगळं?"

"एकत्र लिही," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "एकत्र लिही गं."

आत गेल्यावर नवऱ्याचा फोन आला. तिने तो कानाला न लावता सरळ वन्संच्या हातात दिला. वन्संनी तो उलटा धरला, चष्मा नव्हता म्हणून, आणि त्यात ओरडल्या, "आहोत! दोघीही आहोत! आता तू कुठे आहेस ते सांग!" तिकडून तो काहीतरी विचारत राहिला आणि इकडून त्या काहीतरी सांगत राहिल्या, दोन्ही वेगळं. मग चहा आला. लॉन्ड्रीवालीने एक कप त्यांच्या हाताशी ठेवला. "साखर नाही यात," त्या म्हणाल्या. ती उठली आणि साखर आणायला गेली. साखरेच्या रांगेत कुणी म्हणत होतं वरची गल्ली वाचली, कुणी म्हणत होतं गेली, आणि हॉलमधले सगळे फोन पुन्हा एकदम किंचाळले.

ते तिघं वळणावर जीप थांबवून दोन इशाऱ्यांवर वाद घालत होते, तेव्हा वन्संचं घर पेटलेलं होतं.